बॅटरीला सुतक नसतं, माय

माय, तुझ्याकडं भोक नसलेली साडी कधी नव्हतीच. चार-पाच साड्या होत्या आणि प्रत्येकीवर बॅटरीचं तेजाब, म्हणजे ॲसिड, उडालेलं होतं. थेंब पडतो तेव्हा काही दिसत नाही. साडी एकदा धुतली की तिथं टाचणीएवढं भोक पडतं, दुसऱ्यांदा धुतली की हरभऱ्याएवढं होतं. माझ्या शाळेच्या निळ्या फ्रॉकलाही तशीच भोकं होती, कारण शाळा सुटली की मी दप्तरासकट तुझ्या बॅटरीच्या दुकानातच यायचे. वर्गातल्या पोरी म्हणायच्या, "हिचे कपडे उंदरं खातेत." मी रडत येऊन तुला सांगितलं, तर तू बॅटरीचं बूच फिरवता फिरवता म्हणालीस, "सांग त्यांला, आमच्या घरचे उंदरं तेजाब पेतेत."

मी दुसऱ्या दिवशी तसंच सांगितलं. त्यानंतर कुणी विचारलं नाही.

बाप गेला तेव्हा मी चौथीत होते. मागं राहिलं ते परतूरमधलं आष्टी रोडचं पत्र्याचं शेड, एक चार्जर आणि लोकांच्या सात बॅटऱ्या. काका म्हणाले, शेडला कुलूप लावू, बाईमाणसाचं काम न्हाई. तू म्हणालीस, "या सात भरून ज्याच्या त्याला देते, मंग लावा कुलूप." त्या सात कधी संपल्याच नाहीत. एक गेली की दोन यायच्या. लोडशेडिंगचे दिवस होते. आष्टीकडून माणसं सायकलच्या कॅरियरला बॅटरी बांधून आणायची, कुणाला टीव्हीसाठी पाहिजे, कुणाला लग्नातल्या लाउडस्पीकरसाठी. साऱ्या तालुक्याच्या बॅटऱ्या भरणाऱ्या बाईच्या घरात मात्र आठ वर्षं कंदील होता. शेडला मीटर होतं, घराला नव्हतं. कंदिलाची काच पुसायचं काम माझं. त्या उजेडात मी दहावीचा अभ्यास केला. हे मी कुणाला दया यावी म्हणून सांगत नाही. मार्क चांगले पडले, तेवढं सांगते.

तुला वाचता येत नव्हतं. आकडे यायचे, पण त्यांचीही तुला फार गरज पडत नसे. काचेच्या नळीनं तू बॅटरीच्या एकेका घरातलं, म्हणजे सेलमधलं, पाणी ओढायचीस, आतला तरंगणारा तुकडा कुठल्या रंगावर थांबतो ते बघायचीस. हिरवा म्हणजे भरली, पांढरा म्हणजे अर्धी, लाल म्हणजे उपाशी. एका बॅटरीत सहा घरं. सहाच्या सहा घरं तू तपासायचीस, दर वेळी, कुणाचीही बॅटरी असो. ट्रकवाले घाई करायचे. "गयाबाई, एक बघितलं ना, बाकीचे तशेच असतेत." तू म्हणायचीस, "तुझे सहा लेकरं हायेत का? एकाचं पोट भरलं की बाकीचे झोपतेत का?"

मी बीएस्सी झाले. आपल्या दोन्हीकडच्या नात्यात कॉलेजाची पायरी पहिल्यांदा चढले ती मी. ते सर्टिफिकेट तू फ्रेम करून शेडमध्ये टांगलंस, चार्जरच्या वर. मी म्हणाले, इथं तेजाबाच्या वाफेनं खराब होईल. तू म्हणालीस, "घरी टांगून कोण बघणार? हितं गिऱ्हाईक बघतंय." आणि त्याच दिवसापासून मला बीएस्सी बाई म्हणायला लागलीस. "ओ बीएस्सी बाई, जरा पाना द्या." "बीएस्सी बाई, चिमटा उलटा लागलाय." नोकरी बघ, नोकरी बघ म्हणून माझ्या मागं लागलीस आणि मी दुकानातच राहते म्हटल्यावर आठवडाभर तोंड फुगवून बसलीस. मला तेव्हाही राग आला होता आणि अजूनही थोडा आहे. ज्या कामानं मला शिकवलं ते काम माझ्यासाठी कमी कसं काय, हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

मग बन्सीशेठ आले.

मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांच्या आजोबांपासून आडत. मूळचे राजस्थानचे, पण शेठजींचं मराठी आपल्यापेक्षा गावरान. व्यापार पोरांच्या हाती देऊन मोकळे झाले होते. त्यांनी शाळेची एक जुनी बस घेतली आणि जालन्याला बॉडी बांधणाऱ्याकडून तिचं घर करून घेतलं. दोन पलंग, छोटा फ्रिज, शेगडी, मागं संडास, छतावर सोलरची जागा. लोक गाडी बघायला यायचे आणि हसायचे. शेठजीही हसायचे. पण शेठजींनी हौसेसाठी गाडी केली नव्हती, हे तुला आणि मला पहिल्या दिवशीच कळलं, कारण शेठजींच्या बायको, भाभी, स्वतः दुकानात आल्या.

भाभींचा झोपेत श्वास अडकतो. डॉक्टरांनी मशीन दिलेलं आहे. नाकावर मास्क लावून झोपायचं, ते रात्रभर हवा ढकलत राहतं. लाइट गेली की मशीन बंद. म्हणून नऊ वर्षांत त्या एक रात्रही घराबाहेर झोपल्या नव्हत्या. त्यांचा मोठा भाऊ राजस्थानात, गावी, अंथरुणाला खिळलेला. तिथंही लाइटचा भरवसा नाही. भाभी तुझ्या स्टुलावर बसून म्हणाल्या, "गयाबाई, भैया आता किती दिवस आहे माहीत न्हाई. मला फक्त बराबर झोपता आलं पाहिजे, तिथपर्यंत आणि तिथं. एवढं करून द्या."

तू हात पुसलेस आणि म्हणालीस, "करते."

आपलं भांडण तिथून सुरू झालं, माय.

बसला चोवीस व्होल्ट लागतात, म्हणजे बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकामागं एक जोडलेल्या. भाभींचं मशीन, पंखा, दिवे, फ्रिज हे सगळं बाराचं. तू काय केलंस, तर दोन बॅटऱ्यांच्या मधून तार काढलीस आणि सगळं एका बॅटरीवर टाकलंस. मी म्हणाले, माय, असं करू नको, एक बॅटरी उपसली जाईल, दुसरी तशीच भरलेली राहील. डायनॅमो दोघींना सारखंच देतो. मग भरलेली उकळणार आणि उपाशी आहे ती उपाशीच राहणार.

तू म्हणालीस, "वीस वर्षं झाले ट्रकवाल्यांचे टेप असेच जोडून राह्यले मी."

"टेप बंद पडला तर ड्रायव्हर स्वतः गाणं म्हणतो. मशीन बंद पडलं तर भाभी काय करतील?"

"म्हून तर दर आठ दिवसाला दोन्हीची जागा बदलायची. वरची खाली, खालची वर. ट्रकवाले तेच करतेत."

"शेठजी सत्तरीचे आहेत. वाळवंटात उतरून ते बॅटऱ्यांची अदलाबदल करणार आहेत?"

"कामून न्हाई? मी सांगते त्यांला."

तू ऐकलं नाहीस. खरं तर मी आणखी बोलायला पाहिजे होतं, पण मी गप्प बसले. का, ते आता कबूल करते. मला वाटलं, होऊ दे, बघू दे हिला. तुझं चुकावं असं मला आतून वाटत होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

तीर्थपुरीला शेठजींच्या साडूच्या वाड्यात चाचणी झाली. तीन दिवस गाडी तिथं उभी. अधूनमधून थोडी फिरवायची, बाकी वेळ पंखा, दिवे, फ्रिज. तिसऱ्या दिवशी आपण दोघी एसटीनं तिथं गेलो. दुपारी जेवून भाभी मास्क लावून पलंगावर आडव्या झाल्या. आपण लिंबाखाली चहा पीत होतो. पाऊण तासानं भाभी दारात आल्या, मास्क हातात, चेहरा लाल. "बंद पडलं," एवढंच म्हणाल्या आणि पायरीवर बसून श्वास घेत राहिल्या. शेठजी धावत गेले, गाडी चालू करायला किल्ली फिरवली. टक् असा आवाज आला, पुढं काही नाही. झाकण उघडलं तर एक बॅटरी गरम, अंगावर तेजाबाचा घाम, वासानं डोळे चुरचुरायला लागले. दुसरी थंड, मेलेली.

परतूरपर्यंत गाडी ट्रॅक्टरनं ओढून आणली. रस्त्यावरची पोरं ओरडत होती, "शेठजीचा बंगला चालला!" शेठजी ट्रॅक्टरवर ड्रायव्हरशेजारी बसून हात हलवत होते. तू आणि मी गाडीत, भाभींसमोर. आणि तिथं, भाभींसमोर, मी म्हणाले, "मी सांगितलं होतं."

भाभींनी माझ्याकडं बघितलं. तू खिडकीबाहेर बघत राहिलीस.

ते बोलायला नको होतं. माझं खरं होतं, आणि तरीही नको होतं. लोकांचं तुला पुष्कळ बोलून झालं होतं. बाईमाणूस काय बॅटरी भरणार, अडाणी बाईला काय कळतं, हे तू वीस वर्षं ऐकलंस. त्या गाडीत तेच मी माझ्या तोंडानं म्हणाले, फक्त शुद्ध मराठीत. माफी मागायची राहिली. आता इथं मागते. पण फक्त त्या वाक्याची मागते. तारेबद्दल मागत नाही.

तीन दिवस तू बोलली नाहीस. चौथ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये आले तर तू ती मधली तार कापून, गुंडाळून माझ्या पुढ्यात टाकलीस. "घे तुझं फिजिक्स," म्हणालीस. चुकलं असं तू म्हणाली नाहीस. तू कधीच म्हणाली नसतीस. मला ती तार पुरली.

मग आपण जे काम केलं, तसं काम परतुरात कुणी केलेलं नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. गाडीच्या बॅटऱ्या फक्त गाडीच्या. घराच्या दोन मोठ्या बॅटऱ्या वेगळ्या, बारा व्होल्टच्या, शेजारी शेजारी जोडलेल्या. घर कितीही उपसलं तरी इंजिन चालू होणारच. घराच्या बॅटऱ्या भरायला तीन वाटा ठेवल्या. छतावरचं सोलर, गाडी चालताना डायनॅमोवरून चोवीसचे बारा करून देणारा छोटा चार्जर, आणि मुक्कामाला लाइट असली तर साधा प्लग. जोडणीचा कागद मी काढला. तारा तू दाबल्यास, कारण तुझ्या हातची दाबलेली तार ओढून निघत नाही, माझी निघते.

भाभींना आपण दोघींनी मिळून शिकवलं. मशीनमध्ये पाणी गरम करायचा भाग असतो, तो बंद ठेवला तर बॅटरी कितीतरी कमी लागते, हे मी पुस्तिकेत वाचलं. तू ते भाभींना तुझ्या भाषेत सांगितलंस, "भाभी, थंडी वाजली तर गोधडी घ्या, मशीनला शेगडी नका लावू." आणि मीटरवर अर्ध्याच्या जागी तू कुंकवाची रेघ ओढलीस. याच्या खाली काटा गेला की फ्रिज बंद, दिवे बंद, फक्त मशीन चालू. भाभी म्हणाल्या, "आणि फ्रिजमधलं दूध?" तू म्हणालीस, "शेठजींला पाजा."

बॅटऱ्या कुठल्या घ्यायच्या, यावर मात्र पुन्हा पेटलं. मी म्हणाले लिथियम घेऊ. हलकी असते, लवकर भरते, जवळजवळ सगळी वापरता येते, वास नाही, पाणी घालायचं नाही. तू ती बॅटरी विकणाऱ्याच्या दुकानात हातात घेऊन खालीवर बघितलीस, बूच शोधलंस. बूच नाही म्हटल्यावर परत ठेवलीस.

"हिच्या पोटात काय चाललंय ते कसं बघायचं?"

"आत कॉम्प्युटर असतो, तोच बघतो."

"आन् कॉम्प्युटरला कोण बघतं?" म्हणालीस. "जी बॅटरी मला उघडून बघता येत न्हाई, तिच्यावर मी भाभीचा श्वास न्हाई ठेवणार. बिलकुल न्हाई."

पाण्याच्याच बॅटऱ्या आल्या. वजनाला जड, जात्याच्या दगडासारख्या. त्यांचा वास भाभींच्या नाकाशी नको म्हणून तू पलंगापासून लांब, बंद पेटी करून घेतलीस आणि तिला बाहेर निघणारी नळी लावलीस. त्या पेटीचं झाकण बसवता बसवता तू म्हणालीस, अंग कसकस करतंय. पुढचे आठ दिवस मला लिहायचे नाहीत.

तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी सावडणं झालं. घरी माणसं बसलेली. शेठजी आणि भाभी येऊन गेले होते, हात जोडून, गाडीचा एक शब्द काढला नाही. भाभींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि उठताना फक्त एवढं म्हणाल्या, "बेटा, सावकाश." पण त्यांच्या भावाला सावकाश जमणार नव्हतं, हे मला माहीत होतं. आणि तुझ्या आजारपणाच्या गडबडीत मी त्या दोन नव्या बॅटऱ्या तपासायला अर्ध्या उपसून पेटीसकट शेडमध्ये तशाच ठेवल्या होत्या, हेही माहीत होतं. तशा ठेवल्या की आत प्लेटा पांढऱ्या पडत जातात. जितके दिवस तितकं वाईट. एकदा पुऱ्या पांढऱ्या पडल्या की कितीही चार्जर लावा, बॅटरी घेत नाही.

मी किल्ली घेतली आणि शेडकडं निघाले. काका मागून आले.

"कुठं निघालीस?"

"दुकान उघडायला."

"आज तिसरा दिवस हाय. सुतक हाय, कळतंय का?"

"मला हाय, काका. बॅटरीला सुतक नसतं."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, गयाबाईच्या पोरीनं बॅटऱ्या भरल्या."

"बीएस्सी करून हेच शिकलीस?"

"हेच शिकले. तेराव्यापर्यंत थांबले तर मायचं शेवटचं काम माझ्या हातानं मेलं असं होईल. तुम्हाला राग येत असेल तर येऊ द्या."

मी शटर वर केलं. काका बाहेरच्या बाकड्यावर बसले. मला वाटलं आता तमाशा होणार. पण थोड्या वेळानं एक ट्रकवाला आला तर काका त्याला म्हणाले, "दुकान बंद हाय, सुतक हाय." आत चार्जर घूं घूं करत होता, रस्त्यापर्यंत ऐकू जात होता. ट्रकवाल्यानं आत बघितलं, काकांकडं बघितलं, आणि निघून गेला. दिवसभर काका तिथंच बसून येणाऱ्याला हेच सांगत राहिले. त्या माणसानं तुला आयुष्यभर छळलं. त्या दिवशी मात्र त्याच्यामुळं मला निवांत काम करता आलं, हेही लिहिलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीटरवर दोन्ही बॅटऱ्या भरलेल्या दिसल्या. दोघींचा आकडा एकच. मी खूश झाले, पेटीचं झाकण लावायला घेतलं. मग बूचं दिसली. तुझी काचेची नळी खिळ्याला टांगलेली होती. मला ती घ्यायची नव्हती. मी मीटरवाली आहे, माय, मला माहीत आहे मीटर काय सांगतं. तरी घेतली. पहिल्या बॅटरीची सहा घरं हिरवी. दुसरीची तीन हिरवी. चौथं घर लाल.

मी परत ओढलं. लाल.

मग कळलं. दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना जोडलेल्या होत्या, म्हणून मीटरला दोघींचा आकडा एकच दिसत होता. चांगली बॅटरी आजारी बॅटरीला झाकत होती. रस्त्यात त्या एका घरानं दोन्ही उपसल्या असत्या, कदाचित पहिल्याच मुक्कामाला. ज्यांच्याकडून आणली त्यांच्याकडं ती घेऊन गेले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, मीटर तर बरोबर दाखवतोय. मी पिशवीतून नळी काढली आणि त्याच्याच काउंटरवर, त्याच्याच गिऱ्हाइकांसमोर सहाही घरं उघडून दाखवली. बदलून दिली. नवीच्याही सहा घरांत मी तिथंच नळी घातली. तो म्हणाला, "मॅडम, एक बघितलं की झालं ना." मी काय उत्तर दिलं ते तुला सांगायची गरज नाही.

लिथियमबद्दल माझं मत मात्र बदललेलं नाही. तू गेलीस म्हणून तू बरोबर ठरत नाहीस. पुढची गाडी आली तर मी लिथियमच लावणार, आणि तू असतीस तर त्या दुकानात उभं राहून आपण पुन्हा भांडलो असतो. ते भांडण मी एकटीनं संपवणार नाही. तुझी बाजू मांडणारं कुणी नाही, म्हणून ते तसंच राहू दे.

काका आता म्हणतात, शेड काढून टाकू, पोरगी शिकलेली आहे, नोकरी करेल. मी त्यांना सांगितलं, शेड राहील. पाटी बदलली. आधी नुसतं बॅटरी चार्जिंग होतं. आता वर तुझं नाव आहे, खाली माझं, आणि माझ्या नावापुढं डिग्री. पेंटर म्हणाला, बॅटरीच्या दुकानाला डिग्री कशाला. मी म्हणाले, लिही.

गाडी तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. भाभींनी ओवाळायला मला बोलावलं. घरात नुकतं मयत झालेली मी, म्हणून शेठजींच्या सुना कुजबुजल्या, मी ऐकलं, आणि ओवाळलं. पंधरा दिवस भाभींचा फोन येत राहिला. काटा कुठं आहे ते त्या आधी सांगायच्या, भावाची तब्येत मग. भावाच्या अंगणात गाडी उभी करून त्या सहा रात्री झोपल्या. त्यातल्या दोन रात्री सगळ्या गावात लाइट नव्हती. भावाशी त्यांचं पोटभर बोलणं झालं.

परवा गाडी परत आली. मी तिच्या सगळ्या बॅटऱ्या तपासल्या, सगळी घरं. या सबंध प्रवासात भाभींचं मशीन एकदाही बंद पडलं नाही.